सोमी आणि लहानूचं राहिलेलं लग्न

‘ताई, एवढे पैसे देण्यासारखं तिथं असतं तरी काय?’ हा प्रश्न मला डहाणूच्या बाजारात विचारलाय, एसटीच्या थांब्यावर विचारलाय, भाचीच्या मुलाच्या बारशात विचारलाय आणि एकदा तर माझी दाढ काढता काढता दातांच्या डॉक्टरने विचारलाय. तोंडात कापूस होता म्हणून तेव्हा सुटले. आता संपादकांनीही नेमकं तेच विचारलंय आणि तोंडात कापूस नाही, त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकते. पुन्हा कुणी विचारलं तर अंक हातात देईन.

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चादरींत गेलं, असं मी म्हटलं की माझी धाकटी बहीण माझ्यावर डोळे वटारते. पण दुसरं काय म्हणू? मी धाकटी डहाणू या गावची, कोळीवाड्यातली. घरात सगळ्यांचे हात मासळीत, माझे तेवढे साबणात. आधी स्टेशनजवळच्या लॉजवर खोल्या झाडल्या, मग किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हाउसकीपिंग सांभाळलं. हे काम बाहेरच्यांना फार सोपं वाटतं. पाहुणा यायच्या आत आधीच्या पाहुण्याची एकही खूण खोलीत राहू द्यायची नाही, एवढंच ते काम. खोली कशी, तर आजवर तिथं कुणी झोपलंच नाही अशी दिसली पाहिजे.

आणि निवृत्त व्हायच्या आधीची शेवटची काही वर्षं मी जिथं काढली, तिथं सगळं नेमकं उलटं होतं. खोलीत पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिलीत असं दिसायला हवं. तलासरीकडे जाताना हायवे सोडून आत वळलं, की विवळवेढ्याच्या डोंगराच्या अंगाला ते हॉटेल. नाव सांगत नाही, कारण सेठ माणूस भला आहे आणि दिवाळीला अजून मिठाई पाठवतो. वापीचा, रंगांच्या कारखान्यातून पैसा केलेला. त्याने कुडाच्या झोपड्या बांधल्या आणि कुडामागे एसी लपवला. जमीन शेणाने सारवलेली दिसायची, पण ती होती फरशी. अर्धे पाहुणे तक्रार करायचे की शेणाचा वास का येत नाही. सेठने एका झोपडीत खरंच सारवून घेतलं, तर उरलेले अर्धे तक्रार करायला लागले की वास येतो. नव्या कोऱ्या चादरी चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या करायचं काम माझ्याकडे होतं. उभा जन्म चहाचे डाग काढण्यात गेला आणि उतारवयात ते मुद्दाम पाडत बसायचे. माझं डोकं फिरायचं नाही तर काय!

पण चादरीचं एक वेळ सोडा. तिथं पाहुणा हा पाहुणा नसायचाच. आल्या आल्या त्याचा फोन काढून घ्यायचे, कपडे बदलायला लावायचे आणि हातात एक कार्ड द्यायचे. कार्डावर त्याची भूमिका. तू पाटील, तू सावकार, तू ताडी काढणारा, तू भगत. ही कार्डं मुंबईहून येणारी रेवती नावाची मुलगी लिहायची. हुशार पोरगी, पण तिच्या एका कार्डावर ‘कोळीण’ होती. समुद्रापासून इतक्या आत डोंगराखाली कोळीण कुठून आली, असं मी तिला विचारलं, तर म्हणते, ‘ताई, फील आहे.’ मी जन्माची कोळीण, मला काही फील झाला नाही.

दोन दिवस भूमिकेतून बाहेर यायचं नाही, हा तिथला कायदा. पाहुण्यांनी नाही आणि आम्हीही नाही. बाथरूमचा नळ गळत असला तर ‘विहीर पाझरतेय’ म्हणायचं. फ्यूज उडाला तर ‘रॉकेल संपलं’. माझ्या तोंडातून ‘प्लंबर’ निघालं म्हणून एकदा रेवतीने मला चार लोकांत टोकलं. आणि पाहुणे? एकाला पाटील केलं होतं. त्याला ते पाटीलपण इतकं चढलं, की जाताना बिल पुढं केलं तर म्हणाला, मुनीमजींना पाठवा. एकदा कॉम्प्युटरवाली पाच पोरं शेतमजूर झाली. आमचा स्वयंपाकी तलासरीचा. त्याला ही पोरं नुसतीच विळे हवेत हलवताना बघवेनात. त्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की आमच्याकडचे मजूर नुसते राबत नाहीत, संपही करतात. झालं! दुपारी ही पोरं घोषणा देत भटारखान्यासमोर बसली, मागणी काय तर गुलाबजाम. सेठला कळेना की पाहुणे चिडलेत की खेळतायत. शेवटी गुलाबजाम केले. पोरं जाताना म्हणाली, आजवरची सगळ्यात भारी ट्रिप. स्वयंपाक्याला मात्र सेठने झापलं.

या सगळ्यात मला एकच आधार होता, माझ्या हाताखालची लखमी. जवळच्याच पाड्यावरची. बोलणं कमी, हात चालू. तिचा माणूस काळू, दोन मुलं, शेणाने खरंखुरं सारवलेलं घर, सगळं होतं. फक्त लग्न राहिलं होतं. आमच्या या भागात यात काही विशेष नाही. दोघांचं जमलं की संसार सुरू होतो, आणि लग्न ऐपत होईल तेव्हा. कारण लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. कुणाचं मुलं झाल्यावर होतं, कुणाचं मुलांच्याच मांडवात. त्यात लाज नाही, पण ते राहिलेलं असतं, आणि मनात असतंच. लखमीच्या पाड्यात रीत अशी, की भात घरात आल्यावर हंगामात एका लग्नाला सगळी घरं मिळून तांदूळ काढतात. त्याहून जास्त कुणाला झेपत नाही. त्या वर्षी पाळी लखमीची होती. तिच्या बापाचा दमा वाढलेला, पावसाळ्यात तो पार आडवा व्हायचा. या हंगामात म्हाताऱ्याला मांडवात बसवायचंच, एवढं एकच तिने धरलं होतं.

आता गंमत बघा. आमच्या हॉटेलात दर शनिवारी लग्न असायचं. पाहुण्यांतल्या कुणाला तरी नवरा-नवरी करायचं, स्पीकरवर गाणी लावायची, हळद फासायची. आणि रविवारी ती हळद लागलेल्या चादरी आमच्याकडे यायच्या. हळदीला साबण लावला की डाग लाल होतो, हे नव्या मुलींना ठाऊक नसतं. त्या घाबरून आणखी घासतात. नुसत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायची, हळद आपोआप उडते. लखमीला हे शिकवावं लागलं नाही. दर रविवारी ती दुसऱ्यांची हळद वाळत घालायची आणि एक शब्द बोलायची नाही. मीच आतल्या आत चरफडायचे.

मग सेठच्या मनात आलं, की स्पीकर नको, खरी धवलेरी हवी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय पाड्यावर लग्न लागत नाही. ती भटजीच म्हणा ना. लखमीच्या पाड्यावरची जानी नावाची म्हातारी धवलेरी होती. सेठचा मॅनेजर तिच्याकडे गेला आणि म्हणाला, एका जोडप्याचं लग्न बाकी आहे, लावायला या. जानी म्हणाली, आधी माणसं बघीन. न बघता ती कुणाचं लग्न लावत नाही.

त्या शनिवारचं जोडपं होतं ठाण्याचं, कर्णिक. नवरा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलाने त्यांना हे दोन दिवस दिलेले. साहेब आल्यापासून एकच गोष्ट घोळवत होते. या पैशांत केरळ झालं असतं, या पैशांत घराला रंग लागला असता. रेवतीने कुठंतरी आमच्या भागातली ही लग्नाची रीत वाचली होती आणि त्यावरून तिने त्यांचं कार्ड लिहिलं. बाईंचं नाव सोमी, साहेबांचं लहानू. डोंगरातलं गरीब जोडपं, उभा जन्म लग्नाशिवाय एकत्र राहिलेलं, आज गाव त्यांचं लग्न लावणार. साहेबांनी कार्ड खिशात कोंबलं. बाईंनी मात्र चष्मा लावून नीट वाचलं.

शुक्रवारी जानी आली तेव्हा मी धोब्याशी भांडत होते, त्यामुळे पुढचं सगळं मला लखमीने मागाहून सांगितलं. जानी सोमीच्या शेजारी ओट्यावर बसली, तिचा हात हातात घेतला, आणि इतकी वर्षं का राहिलं म्हणून विचारलं. आता कायदा काय? भूमिकेतून बाहेर यायचं नाही. कर्णिकबाई कायद्याला पक्क्या.

‘पैसे नव्हते गं बाई,’ त्या म्हणाल्या.

जानी त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवून उठली आणि तडक पाड्यावर गेली.

शनिवारी सकाळी मी बाहेर येऊन बघते, तर पाड्यावरच्या बाया डोक्यावर सुपं घेऊन रांगेने आत येतायत. सुपांत तांदूळ. एकीकडे कोंबडा, एकीकडे भोपळा. सगळं मांडवात आणून ठेवलं. सेठला वाटलं हे रेवतीने घडवून आणलं. रेवतीला वाटलं सेठने. दोघं एकमेकांवर खूश. स्वयंपाक्याने तांदूळ उचलले आणि रांधले. पाहुणे बोटं चाटत जेवले. जानीने सबंध लग्न लावलं, एकही गाणं न गाळता. साहेब मधूनमधून मांडी बदलत होते. बाई हळद लागताना रडल्या. रेवतीने त्याचा व्हिडिओ घेतला आणि मला म्हणाली, बघा ताई, याला म्हणतात अनुभव. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. चादरींची मोजदाद सोडून मी सुपांकडेच बघत राहिले होते.

सोमवारी चादरींच्या घड्या घालताना लखमी सहज म्हणाली, की तिचं लग्न आता पुढल्या साली. मी म्हटलं, का? तर म्हणाली, तांदूळ गेले ना.

ते तांदूळ लखमीच्या लग्नाचे होते. जानीने पाड्यावर सांगितलं होतं, म्हातारी माणसं आहेत, त्यांच्याकडे दिवस कमी. लखमी जवान आहे, थांबेल. आणि पाड्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं! हॉटेलात राहणारी माणसं गरीब कशी, हेही कुणीतरी विचारलं होतं म्हणे. त्यावर जानीने सांगितलं, की सेठने त्यांना दयेने ठेवून घेतलंय, अंगावर धड कापडं नाहीत. ती कापडंही मीच चादरींसारखी चहात बुडवलेली.

‘अगं पण तू सांगायचंस ना, हे नाटक आहे म्हणून!’ मी ओरडले.

‘सांगितला,’ लखमी म्हणाली. ‘जानी बोलली, तू तुज्या लग्नापायी खोटा बोलतस. मग मी गप रेली.’

आणि बापाचं काय, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दुसरी दोन स्वतः धरली.

मी सेठकडे गेले ती चपलाही न काढता. सेठ हसायला लागला. म्हणाला, ‘बेन, आ तो नाटक छे.’ मी त्याला म्हटलं, नाटक तुमचं, तांदूळ त्यांचे. तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हटलं ना, माणूस भला आहे. संध्याकाळच्या आत त्याने दुकानातून तांदळाची पोती टेम्पोत घालून पाड्यावर धाडली. टेम्पो तसाच भरलेला परत आला. जानीने सांगून पाठवलं होतं, मांडवाला दिलेलं पाडा परत घेत नाही. ज्यांच्या लग्नात खाल्लं, त्यांनी दुसऱ्याच्या लग्नात आणावं. सेठचं लग्न आम्ही कुठं लावलं?

मी स्वतः जानीकडे जाऊन सगळं पहिल्यापासून सांगायचा प्रयत्न केला. माणसं पैसे देऊन गरीब होतात, हे मी तिला तीन तऱ्हांनी समजावलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. मग लखमीने मला पढवून पाठवलंय का, असं विचारलं. ती बाई स्वतःच्या तोंडाने बोलली, पैसे नव्हते म्हणून. आणि हळद लागताना रडली. लग्न झालेली बाई अशी रडते का? संतापाने नुसता जीव जात होता, आणि चिडायचं कुणावर तेही कळत नव्हतं. म्हातारीचं काय चुकलं? रेवतीवर चिडले, तर ती पोरगी ढसाढसा रडली. मग तिलाच पाणी द्यावं लागलं.

राहिले कर्णिक. रिसेप्शनवरून नंबर घेऊन फोन लावला. साहेबांनी उचलला. मी तांदूळ, सूप, लखमी असं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाले, ओटीपी सांगणार नाही, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, तर पंख्याच्या तक्रारीचं काय झालं ते विचारायला लागले. त्यांनी हॉटेलला दोनच तारे दिले होते. एक पंखा नाही म्हणून कापलेला, बाकीचे किमतीसाठी. मी म्हटलं, साहेब, बाईंना द्या. बाई बाजारात गेल्या होत्या.

त्यांचा फोन दुपारी आला. मी सगळं सांगितलं.

मग त्या बोलल्या. त्यांचं खरं लग्न दादरला एका हॉलमध्ये झालं होतं. संध्याकाळी दुसऱ्यांचं लग्न असल्यामुळे हॉलवाला सारखं घाई करत होता. ‘जानीने माझा हात धरून हेही विचारलं, इतकी वर्षं लोक तुला काय काय बोलले असतील. तसं कार्डावर काहीच नव्हतं हो. पण मला एकेक आठवायला लागलं, कोण काय बोललं ते.’ मग त्यांनी विचारलं, ‘कधी यायचं?’

माझ्यासोबत त्या पाड्यावर गेल्या. जानीसमोर बसून म्हणाल्या, आमच्यामुळे लखमीचं राहिलं, आमच्या लग्नाचे तांदूळ याच हंगामात आणतो. जानीने एवढंच विचारलं, झेपेल का? बाई म्हणाल्या, मुलगा कमावता झालाय. जानीला ते पटलं. लखमीचं लग्न पाऊस पडायच्या आत ठरलं.

लग्नाच्या दिवशी कर्णिकांची गाडी पाड्याच्या वाटेत रुतली. उरलेली वाट साहेब डोक्यावर सूप घेऊन चालत आले. मागून गडी पोती आणत होते, पण पहिलं सूप देणाऱ्या घरच्या माणसाने आणायचं असतं. घामाने डबडबलेले, तोंडाने सारखं काहीतरी चालू. मला बघितल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे त्या पॅकेजमध्येच धरलेलं नाही ना?’ मी नाही म्हटलं. तशी त्यांनी मान हलवली आणि सूप नीट सावरलं. बाई हॉटेलातल्या लग्नातली तीच साडी नेसल्या होत्या, हळदीचा डाग असलेली. एवढा उन्हाळा जाऊनही डाग होता, म्हणजे वाळत घातलीच नव्हती.

घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला होता. लखमीचा बाप खाटेवर, पाठीला गोधडीचा टेकू. श्वास घेताना खांदे वर-खाली होत होते, पण होता मांडवात. लखमीचे हात रिकामे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

जानीने कर्णिकांना नव्या जोडप्यांच्या ओळीत बसवलं. त्यांच्या एका बाजूला गेल्या साली लग्न झालेलं विशीतलं पोरगं आणि त्याची बायको. दुसऱ्या पाड्यावरून आलेल्या एका बाईने कौतुकाने विचारलं, तुमचं कधी झालं? साहेब उत्साहाने पुढं सरसावले, ‘आमचं ना, आमचं तर दादरला...’

‘होळीच्या आधी,’ बाई म्हणाल्या. ‘आधी पैसे नव्हते.’

त्या बाईने मान डोलावली. जानी पलीकडून सगळं ऐकत होती. तिने गाणं सुरू करायच्या आधी हाक मारली, ‘ए सोमे, इकडं ये, पोरीला हळद लाव.’ आणि कर्णिकबाई लगबगीने उठल्या. साहेबांना मात्र ‘लहानू’ कुणाला म्हणतायत हे दोनदा हाक मारूनही कळलं नाही.

परतताना मीही त्यांच्या गाडीत होते. साहेब बराच वेळ धुमसत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, की आता तर हॉटेल नव्हतं, मग खोटं कशाला बोललीस? बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘कार्डावर लिहिलं होतं ना, भूमिकेतून बाहेर यायचं नाही.’ त्या हॉटेलचे तारे त्यांनी पुढे वाढवले का, ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही.

पुढच्या शनिवारपासून सेठने पुन्हा स्पीकर लावला, माझ्या हट्टामुळे. पैसे देण्यासारखं तिथं काय असतं, याचं उत्तर तुम्ही आता तुमचं तुम्ही काढा. मला विचाराल तर एसी चांगला होता.

लखमी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कामाला आली. हॉटेलच्या लग्नाच्या चादरींचा ढीग तसाच पडून होता. ती नेहमीसारखी पदर खोचून टाकीजवळ बसली, आणि पाण्याच्या कडेला तिचे हात मला दिसले. मनगटापर्यंत पिवळेधमक, नखांत अजून हळद. बिनहळदीच्या चादरींसाठी साबण तिने उचललाच होता. मी तो काढून घेतला आणि तिला सावलीत घड्या घालायला बसवलं. त्या दिवशीच्या चादरी मी धुतल्या.